विम्याचा पहिला दिवस



आज ज्या विषयावर मी आपणांशीं बोलणार आहें, तो प्रथमदर्शनीं रुक्ष वाटेल. विमा, हप्ता, मुदत, अर्ज या शब्दांनीं कोणाचें मन उल्हसित होत नाहीं, हें मला ठाऊक आहे. परंतु पुणें, मुंबई, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांतील सुशिक्षित घरांकडे पाहिलें, तर ज्याचा मुलगा, मुलगी किंवा निदान एखादा पुतण्या-भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेंत नाहीं, असें घर आतां शोधावें लागतें. तिकडे लग्न होतें, बाळ जन्मतें, नोकरी सुटते. तिकडून फोन येतो, आपण इकडे क्षेमकुशल विचारतों, बाळाच्या नांवाची चर्चा करतों, आणि या गडबडींत एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो : "अरे, विम्यांत नांव घातलेंस का? आणि तें कोणत्या दिवसापासून लागू झालें?" या प्रश्नाचें उत्तर एका दिवसानें चुकलें, तर एखाद्या कुटुंबाची कित्येक वर्षांची शिल्लक एकट्या इस्पितळाच्या बिलांत जाऊं शकते. म्हणून वर्षाच्या मध्यावर घरांत कांहीं घडलें असतां नोकरीच्या आरोग्यविम्याचें संरक्षण केव्हां सुरू होतें, एवढाच प्रश्न आज आपण नीट उलगडून पाहूं.

प्रथम हा विमा नोकरीला कसा चिकटला तें सांगतों. १९४२ सालीं, ऐन महायुद्धांत, महागाई आवरण्यासाठीं अमेरिकन सरकारनें पगारवाढीवर निर्बंध घातले. कारखानदारांना तर माणसें हवीं होतीं. पगार वाढवितां येईना, तेव्हां त्यांनीं आजारपणाचा विमा देऊं केला, कारण अशा विम्याचा हिशेब पगारांत धरला जात नव्हता. पुढें १९५४ च्या प्राप्तिकर-संहितेनें, मालकानें भरलेला हा हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नांत मोजावयाचा नाहीं, हें स्पष्ट केलें. आणि युद्धकाळांतील ही तात्पुरती युक्ति कायमची रुजली. १९७८ सालीं त्याच संहितेंत १२५ वें कलम आलें. कामगाराच्या स्वतःच्या वांट्याचा हप्ताही कर लागण्यापूर्वीं पगारांतून कापून घेण्याची सोय या कलमानें दिली. सरकार कर सोडतें तेव्हां अट घालतेंच. आपला आजचा सारा विषय त्या अटींतून निघाला आहे.

ती अट अशी कीं, विमावर्ष सुरू होण्यापूर्वींच कामगारानें आपली निवड सांगावी. विमा एकट्याला हवा, पतिपत्नींना हवा कीं मुलांसकट सर्वांना हवा, कोणत्या योजनेचा हवा, तें एकदां ठरवावें आणि वर्षभर त्या निवडीला बांधून राहावें. बहुतेक कंपन्यांचें विमावर्ष १ जानेवारीला सुरू होतें, व ही निवड आदल्या वर्षाच्या अखेरीस कांहीं आठवड्यांत उरकली जाते. त्या काळाला तिकडे 'ओपन एन्‌रोलमेंट' म्हणतात. आपण खुल्या नोंदणीचा काळ म्हणूं. तो उलटला कीं दार बंद.

हा हट्ट निष्कारण नाहीं. पुष्कळ निरोगी लोकांनीं थोडें थोडें भरावें आणि त्यांतून थोड्या आजारी लोकांचा मोठा खर्च भागावा, हा विम्याचा पाया आहे. वाटेल त्या दिवशीं नांव घालतां येतें असें झालें, तर प्रकृति ठीक असतांना कोणीही हप्ता भरणार नाहीं. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला कीं आदल्या सायंकाळीं अर्ज करील. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, असें आपण म्हणतों. विमा कंपनी म्हणते, तहान लागल्यावर आमच्या विहिरीवर येऊंही नये.

मी आयुष्यभर शाळेंत काम केलें, त्यामुळें या नियमाची जात मला ओळखीची वाटते. आमच्या शाळेचे प्रवेश जूनमध्यें. ऑक्टोबरांत कोणी मुलाचा हात धरून आला, तर मुख्याध्यापक नकार देत. पण वडिलांची बदली झाली आहे आणि हातांत जुन्या शाळेचा दाखला आहे, असें असलें म्हणजे त्याच मुख्याध्यापकांना वर्गांत बाक शोधावें लागे. मुलाला पहिली शाळा आवडेनाशी झाली, हें कारण चालत नसे. घराची परिस्थिति बदलली, हें चाले. अमेरिकन कायद्यानें नेमका हाच भेद केला आहे. लग्न, घटस्फोट, मुलाचा जन्म, दत्तक, जोडीदाराची नोकरी लागणें किंवा सुटणें, कुटुंबांतील मृत्यु, राहण्याचें ठिकाण बदलणें, अशा घटना घडल्या असतां वर्षाच्या मध्यावरही निवड बदलूं द्यावी, असें १२५ व्या कलमाखालील नियम म्हणतात. मात्र बदल घटनेला धरून हवा. बाळ झालें म्हणून बाळाचें नांव घालतां येतें. त्याच निमित्तानें घरांतील दुसऱ्या कोणाचें नांव काढून टाकूं म्हटलें, तर तें सामान्यतः मान्य होणार नाहीं.

येथें एक सूक्ष्म गोष्ट आहे, आणि पुष्कळ शिकले-सवरलेले लोकही तिच्यावर घसरतात. १२५ वें कलम कंपनीला बदल करूं देण्याची 'मुभा' देतें. सक्ति करीत नाहीं. सक्ति करणारा कायदा निराळा आहे. तो १९९६ सालचा. अध्यक्ष क्लिंटन यांनीं त्या वर्षीं २१ ऑगस्टला त्यावर सही केली, आणि त्याच्या लांबलचक नांवाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'हिपा' म्हणतात. या कायद्यानें कंपनीच्या आरोग्ययोजनेवर बंधन घातलें कीं, लग्न झालें, मूल जन्मलें, मूल दत्तक घेतलें किंवा दत्तकासाठीं घरीं आलें, अथवा दुसरीकडचा विमा गेला, तर खुल्या नोंदणीची वाट न पाहतां नांव घालूं दिलेंच पाहिजे. तें मागण्यासाठीं निदान ३० दिवस दिले पाहिजेत. 'निदान' हा शब्द लक्षांत ठेवावा. एखादी कंपनी उदारपणें ६० दिवस देते. पण ३० हून कमी कोणालाही देतां येत नाहींत. गरिबांसाठीं असलेल्या 'मेडिकेड' या सरकारी योजनेंतून किंवा मुलांच्या तशाच योजनेंतून कोणी बाहेर पडलें, तर ही मुदत ६० दिवसांची आहे. ती सुधारणा २००९ सालची.

आतां ३० दिवस ही झाली मागणी करण्याची मुदत. संरक्षण सुरू होण्याची तारीख ही दुसरीच गोष्ट. घरोघरीं गोंधळ होतो तो या दोहोंची गांठ घातल्यामुळें. "अजून आठ दिवस आहेत कीं!" असें म्हणून जो निश्चिंत राहतो, त्याला जन्माच्या बाबतींत कांहीं तोटा होत नाहीं, पण लग्नाच्या बाबतींत अख्खा महिना गमावण्याची वेळ येते. कसें तें पाहूं.

जन्माचा नियम सर्वांत उदार आहे. मुदतींत मागणी केली कीं संरक्षण मागें जाऊन जन्माच्या दिवसापासून लागू होतें. समजा, बाळ ५ जानेवारीस जन्मलें आणि अर्ज २ फेब्रुवारीस दिला. तरी ५ जानेवारीपासूनचा सारा खर्च योजनेच्या नियमांनुसार विम्यांत येतो. अपुऱ्या दिवसांचें बाळ तीन आठवडे काचेच्या पेटींत असलें, तरी त्या तीन आठवड्यांचा खर्चही येतो. अशा बाळाचें बिल कित्येक हजार डॉलरांचें होतें, हें सांगणें नलगे. त्या काळाचा हप्ता अर्थातच भरावा लागतो. पुढच्या पगारांतून मागील दिवसांचा हप्ता करमुक्त कापून घेणें एरव्हीं चालत नाहीं. जन्म आणि दत्तक यांच्यापुरती मात्र तशी परवानगी आहे.

पण तीस दिवस म्हणजे तीस दिवस. एक महिना नव्हे. ५ जानेवारीपासून तीस दिवस मोजले म्हणजे ४ फेब्रुवारी येते. "पांच तारखेला जन्म, म्हणजे पुढच्या पांच तारखेपर्यंत चालेल," असा हिशेब करून जो ५ फेब्रुवारीला अर्ज नेईल, त्याला तीस दिवसांवर बोट ठेवून परत पाठविण्याचा कंपनीला अधिकार आहे. तसें झालें तर नोकरीच्या विम्यांत बाळाचें नांव पुढील १ जानेवारीलाच लागेल, आणि जन्माच्या वेळचा खर्च तर गेलाच. क्वचित् दुसरी वाट असते. कंपनीबाहेर जो सार्वजनिक विमा-बाजार आहे, तेथें जन्मानंतर ६० दिवसांपर्यंत नांव घालतां येतें व संरक्षणही जन्मदिवसापासून मिळतें. पण त्यासाठीं नवी स्वतंत्र पॉलिसी घ्यावी लागते आणि तिचा पुरा हप्ता आपल्याच खिशांतून जाण्याचा संभव असतो.

येथें मला आपल्या महाराष्ट्रीय घरांविषयीं दोन शब्द सांगावेसे वाटतात. आपल्याकडे नांव ठेवावयाचें बाराव्या दिवशीं, बारशाला. पत्रिका मांडावयाची, आद्याक्षर काढावयाचें, आत्याबाईंचा मान राखावयाचा. अमेरिकेंतील इस्पितळ मात्र जन्मदाखल्यासाठीं नांव विचारतें तें आई बाळाला घेऊन घरीं जाण्यापूर्वींच. मग नांवावरून दोन खंडांत मसलती चालतात, आणि तोंवर विम्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो. बारशापर्यंत थांबलें तर तिसांतले बारा दिवस तेथेंच संपले. बारसें आनंदानें बाराव्या दिवशींच करावें. कंपनीला मात्र पहिल्या आठवड्यांत कळवावें. दुसरें असेंच एक निमित्त 'सोशल सिक्युरिटी' क्रमांकाचें. तो क्रमांक टपालानें यावयास कांहीं आठवडे लागतात, आणि 'तो आला कीं सगळें एकदम भरूं' असें म्हणत पुष्कळ तरुण आईबाप मुदत घालवितात. कायद्याची मुदत मागणी करण्याची आहे. अर्ज आधीं द्यावा. क्रमांक मागाहून कळवितां येतो.

इस्पितळानें विमा कंपनीला प्रसूतीचें बिल पाठविलें, म्हणजे बाळाची नोंद आपोआप झाली, ही आणखी एक समजूत. ती खरी नव्हे. नोंद करावयाची ती नोकरीच्या ठिकाणीं, एचआर विभागाकडे. ही समजूत पसरण्याला कारण आहे. तेथील अनेक राज्यांचे कायदे म्हणतात कीं, आईच्या किंवा वडिलांच्या पॉलिसीखालीं नवजात बाळाला पहिले कांहीं दिवस, बहुधा ३१, आपोआप संरक्षण असावें. परंतु मोठमोठ्या कंपन्या पुष्कळदां विमा विकत घेत नाहींत. कामगारांचीं बिलें आपल्याच पैशांतून भागवितात आणि विमा कंपनीला केवळ हिशेब ठेवण्याचें काम देतात. अशा योजनांवर राज्याचे विमाविषयक कायदे चालत नाहींत. १९७४ सालच्या एका केंद्रीय कायद्यानें त्यांना त्यांतून वगळलें आहे. कामगाराच्या हातांतील कार्डावर विमा कंपनीचेंच नांव असतें, म्हणून त्याला हा फरक दिसतही नाहीं. तेव्हां या एकतीस दिवसांवर विसंबूं नये. शिवाय जेथें ते मिळतात तेथेंही बत्तिसाव्या दिवसासाठीं अर्ज करावाच लागतो.

जन्माच्या निमित्तानें दार उघडतें तें केवळ बाळासाठीं नव्हे. वडिलांनीं आजवर पत्नीचें नांव घातलें नसेल, तर याच वेळीं तिचेंही नांव घालतां येतें. इतकेंच काय, त्यांनीं स्वतःचीही नोंद केली नसेल आणि ते नोंदीला पात्र असतील, तर तिघांचीही एकदम करतां येते. घरांत आधींचें मोठें भावंडं असेल, तर मात्र त्याचें नांव याच वेळीं घालूं देण्याची सक्ति हिपा करीत नाहीं. कंपनीच्या योजनेंत तशी सोय असली तरच तें होतें. आईवडील दोघेही नोकरी करीत असले व दोघांनींही आपापल्या विम्यांत बाळाला घेतलें, तर बिल आधीं कोणाच्या विम्यानें भरावयाचें, हाही प्रश्न येतो. त्याचा रूढ नियम असा कीं, वर्षांत ज्याचा वाढदिवस आधीं येतो त्याचा विमा पहिला. वय पाहावयाचें नाहीं, केवळ महिना आणि दिवस. वडील नोव्हेंबरचे आणि आई मार्चची असेल, तर आईचा विमा आधीं भरील. एवढ्या हिशेबी देशानें जन्मतारखेवर निकाल लावावा, याची मला गंमत वाटते.

दत्तकाचा नियम जन्मासारखाच आहे : मूल दत्तक झालें त्या दिवसापासून, किंवा दत्तकासाठीं घरीं सोंपविलें गेलें त्या दिवसापासून.

आतां लग्न. येथें संरक्षण मागें जात नाहीं. कायदा म्हणतो, योजनेकडे मागणी पोंचल्यानंतर जो पहिला महिना सुरू होईल, त्याच्या १ तारखेपर्यंत संरक्षण सुरू झालें पाहिजे. कोणी लग्नाच्या दिवसापासून देऊं म्हटलें तर देऊं शकतो. पण अधिक लांबवितां येत नाहीं. उदाहरण घ्या. लग्न २० मे रोजीं झालें. तीस दिवसांची मुदत १९ जूनला संपते. वरानें ३० मेला अर्ज दिला तर वधूला १ जूनपासून संरक्षण मिळेल. तोच अर्ज त्यानें २ जूनला दिला, तर तोही मुदतीच्या आंतच आहे, कोणी त्याला उशीर म्हणणार नाहीं. पण संरक्षण सुरू व्हावयास १ जुलै उजाडूं शकेल. तीन दिवसांच्या दिरंगाईचा दंड एक महिना! जूनमध्यें पाय मोडला तर तो आपल्या खर्चानें बसवावा लागेल. म्हणून लग्न झालेल्या महिन्याची अखेर ही खरी मुदत समजावी; तीस दिवस ही केवळ बाहेरची हद्द.

आपल्या मुलांच्या लग्नांत एक खास अडचण येते. मुलगा सुटी काढून येतो, लग्न पुण्यास होतें, तो पंधरा दिवसांनीं परत जातो, आणि मुलीचा व्हिसा व्हावयास कांहीं महिने लागतात. ती तिकडे पोंचल्यावर नांव घालूं, असें तो स्वाभाविकपणें म्हणतो. परंतु कायद्याचे तीस दिवस मोजले जातात ते लग्नाच्या तारखेपासून; विमानांतून उतरल्यापासून नव्हे. कुटुंबांतील मनुष्य देशांत येऊन दाखल झाला, ही घटनाही कांहीं कंपन्या आपल्या योजनेंत मानतात व तेव्हांपासून नवे तीस दिवस देतात. पण ती त्या त्या योजनेची मर्जी. लग्नाला येण्यापूर्वींच मुलानें एचआरला लेखी विचारून ठेवावें. उत्तर नकारार्थी आलें, तर लग्न होतांच नांव घालावें. मुलगी इकडे असतांना चार-सहा महिने हप्ता वायां जातो हें खरें, पण वर्षअखेरपर्यंत ती तिकडे विम्यावांचून राहण्यापेक्षां तें बरें.

याहूनही फसवी गोष्ट नोंदणी-विवाहाची. व्हिसाचे कागद लौकर व्हावेत म्हणून कित्येक घरीं आधीं नोंदणी-पद्धतीनें लग्न उरकतात आणि मंगलाष्टकें चार महिन्यांनीं, मुहूर्त व कार्यालय मिळेल तेव्हां. घरांतल्या माणसांच्या मनांत लग्न म्हणजे अक्षता पडल्या तो दिवस. कायद्याच्या दृष्टीनें मात्र विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या झाल्या त्या दिवशींच लग्न लागलें, आणि विम्याची मुदतही तेव्हांच सुरू झाली. पुढें मोठ्या थाटाचे फोटो जोडून अर्ज केला तरी प्रमाणपत्रावरची तारीख बोलते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालीं लग्न करावयाचें तर तीस दिवस आधीं नोटीस द्यावी लागते, हें आपल्यापैकीं अनेकांना माहीत असेल. ही नोटीस आपण काटेकोरपणें पाळतों. त्यानंतरचे तीस दिवस कोणाच्या ध्यानांतच नसतात. उलट पारंपरिक पद्धतीनें लग्न आधीं झालें आणि त्याची नोंदणी मागाहून केली, तर तारीख लग्नाची धरावयाची, नोंदणीची नव्हे. म्हणून प्रमाणपत्र लौकर काढणें श्रेयस्कर.

तिसरा प्रसंग दुःखाचा आहे : नोकरी सुटणें. नोकरी सुटली म्हणजे विमा कधीं सुटतो? कांहीं कंपन्यांत शेवटच्या कामाच्या दिवशीं, कांहींत त्या महिन्याच्या अखेरीस. पहिला प्रश्न हाच विचारावा. पतीची नोकरी गेली व पत्नी दुसऱ्या कंपनींत असली, तर तिच्या विम्यांत पतीचें नांव घालण्यासाठीं तीस दिवस मिळतात, आणि तारीख ठरते ती लग्नाच्याच नियमानें. विमा ३० सप्टेंबरला संपणार असेल आणि पत्नीची मागणी त्याच दिवसापर्यंत तिच्या कंपनीनें स्वीकारली, तर १ ऑक्टोबरपासून खंड पडत नाहीं. मागणी ३ ऑक्टोबरला गेली, तर ऑक्टोबर उघडा पडूं शकतो.

हा उघडा काळ झांकण्यासाठीं 'कोब्रा' नांवाचा कायदा आहे. हें नांवही आद्याक्षरांचेंच. नागाशीं त्याचा संबंध नाहीं, जरी त्याचा हप्ता पाहून तसा भास होतो. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनींतून नोकरी गेली, तर जुनाच विमा साधारणतः १८ महिने चालूं ठेवतां येतो; मात्र मालकाचा वांटाही आपणच भरावयाचा आणि वर दोन टक्के कारभारखर्च. घटस्फोटित जोडीदाराला किंवा वयानें योजनेबाहेर गेलेल्या मुलाला ३६ महिने. हा पर्याय स्वीकारावयास ६० दिवस मिळतात, आणि स्वीकारल्यापासून पहिला हप्ता भरावयास आणखी ४५ दिवस. हप्ता भरला कीं संरक्षण मागें, विमा तुटला त्या दिवसापर्यंत, जाऊन भिडतें. त्यामुळें कांहीं सावध माणसें लगेच पैसे भरीत नाहींत. साठ दिवसांत आजारपण आलें तरच पर्याय स्वीकारतात. कायद्यांत याला हरकत नाहीं. मी मात्र ज्याच्या घरांत लहान मूल आहे त्याला हा धीर धरावयास सांगणार नाहीं, कारण दिवस मोजण्यांत चूक झाली तर मागें वळतां येत नाहीं.

आणखी एक खांच आहे. पतीनें कोब्रा घेतला, पत्नीच्या कंपनींतील तीस दिवस जाऊं दिले, आणि दोन महिन्यांनीं हप्ता जड वाटतो म्हणून तो भरणें बंद केलें, तर ती 'विमा गेल्याची' घटना धरली जात नाहीं. हप्ता न भरल्यानें किंवा आपखुषीनें सोडल्यानें जो विमा जातो, त्याच्यासाठीं दार उघडत नाहीं. शाळा आवडेनाशी झाली म्हणणाऱ्या मुलासारखीच ही गत. तेव्हां कोब्रा हा मधल्या एक-दोन महिन्यांचा पूल समजावा आणि तीस दिवसांचा अर्ज त्याच वेळीं देऊन ठेवावा. आपल्या मुलांपैकीं जे एच-वन-बी व्हिसावर आहेत, त्यांना नोकरी सुटल्यावर देशांत राहण्यासाठींही जास्तींत जास्त ६० दिवसच मिळतात. ते दिवस आणि कोब्राचे ६० दिवस यांचा आंकडा एक असला तरी मोजण्याचा आरंभ एकाच दिवशीं होईल असें नाहीं. दोन्ही तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरावर निरनिराळ्या लिहाव्यात.

मुलगा किंवा मुलगी २६ वर्षांची झाली, म्हणजे आईबापांच्या विम्यांतून नांव जातें. २०१० च्या कायद्यानें हें वय ठरविलें आहे. कोणाचें नांव वाढदिवशीं जातें, कोणाचें महिनाअखेर. तें गेल्यापासून तीस दिवसांत त्यानें आपल्या नोकरीच्या ठिकाणीं मागणी करावी. नियम वर सांगितलेलाच. दांत आणि डोळे यांच्या स्वतंत्र पॉलिसींना बहुधा हिपाची ही सक्ति लागू नसते, हें जातां जातां नमूद करतों.

वर्षाच्या मध्यावर नांव लागलें म्हणून सगळा भार निम्मा होतो, असेंही नाहीं. विमा कंपनीनें खर्च सोसण्यापूर्वीं वर्षाकांठीं अमुक एक रक्कम आपण सोसावयाची असते. तिला तिकडे 'डिडक्टिबल' म्हणतात. सप्टेंबरांत विमा सुरू झाला तरी ही रक्कम सामान्यतः पूर्ण वर्षाचीच धरतात, आणि जानेवारींत ती पुन्हां पहिल्यापासून सुरू होते. एकट्याची योजना कुटुंबाची केली कीं ती रक्कमही बहुधा वाढते. ज्याला तांतडीची नसलेली एखादी शस्त्रक्रिया करावयाची आहे, त्यानें ती डिसेंबरांत करावी कीं जानेवारींत, हें डॉक्टरला विचारून झाल्यावर या हिशेबाकडेही पाहावें.

अर्ज कसा करावा? तोंडी सांगितलेलें पुढें कोणाच्या स्मरणांत राहत नाहीं. कंपनीचा ठराविक तक्ता असेल तर त्यावर, नसेल तर पत्रानें वा ई-मेलनें, घटनेची तारीख स्पष्ट लिहून मागणी करावी व पोंच जपून ठेवावी. योजनेची जी मोठी पुस्तिका असते, तिच्यांत या प्रत्येक प्रसंगाची मुदत व तारीख दिलेली असते. ती पुस्तिका कोणी वाचीत नाहीं, आणि वाचली जावी अशी ती लिहिलेलीही नसते. याबद्दल मी कंपन्यांना अधिक दोष देतों. एवढ्या महत्त्वाच्या तारखा नव्वदाव्या पानावर बारीक टाइपांत छापणें हा शिष्टाचार नव्हे.

शेवटीं आपल्यासारख्या आजीआजोबांविषयीं. नातवंड झालें कीं आपण निघतों. कोणी तीन महिने राहतो, कोणी सहा. भारतांतील अनेक कंपन्या कामगाराच्या आईवडिलांनाही सामुदायिक पॉलिसींत घेतात. त्यामुळें आपली अशी समजूत असते कीं, मुलाच्या तिकडच्या विम्यांत आपलेंही नांव वर्षाच्या मध्यावर घालतां येत असेल. सामान्यतः तें घालतां येत नाहीं. तिकडच्या नोकरीच्या विम्यांत कुटुंब म्हणजे पतिपत्नी व मुलें. सासू-सासरे किंवा आईवडील येऊन राहिले, ही घटना त्या यादींत नाहीं. आपल्यासाठीं प्रवासी विमा निराळा घ्यावा लागतो, आणि तो येथून निघण्यापूर्वीं घेतलेला बरा. त्यांत पूर्वींपासूनच्या विकारांना, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांना, पुष्कळदां वगळलेलें असतें किंवा फारच तोकडें संरक्षण असतें. तो भाग मुलाकडून वाचून घ्यावा. पॉलिसीवर आरंभाची जी तारीख छापलेली असते, ती विमानाच्या तिकिटाशीं ताडून पाहावी. मुंबईहून अमेरिकेकडे जाणारीं पुष्कळ विमानें मध्यरात्रीनंतर सुटतात. आपण घरून शनिवारीं रात्रीं निघतों, पण तिकिटावर तारीख रविवारची असते.